ऐकून न ऐकल्यासारखे: एका शेऱ्यातून घडलेल्या मताचा प्रकरण अभ्यास

या अभ्यासातील विद्यार्थी, त्याचे पालक, शिक्षक आणि दोन्ही शाळा यांची ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले आहेत. घटनांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर घेतलेले निर्णय मात्र घडले तसेच मांडले आहेत. शाळेतील समुपदेशनाचे काम त्या वर्षी माझ्याकडे असल्यामुळे सहामाही परीक्षेनंतर हे प्रकरण माझ्याकडे आले.

पार्श्वभूमी

दहा वर्षांचा एक मुलगा वर्षाच्या सुरुवातीला नव्या शाळेत पाचवीच्या वर्गात दाखल झाला. त्याच्या दाखल्यासोबत आधीच्या शाळेतील वर्गशिक्षकांचे एक छोटे टिपण आले होते. त्यातील दोन वाक्ये पुढे अनेक महिने शिक्षकखोलीत उद्धृत होत राहिली: "बुद्धी आहे, पण कष्ट घेण्याची तयारी नाही. सांगितलेले ऐकून न ऐकल्यासारखे करतो." टिपण लिहिणाऱ्या शिक्षकांचा हेतू चांगलाच होता; नव्या शाळेने या मुलाकडे सुरुवातीपासून लक्ष द्यावे, एवढेच त्यांना सुचवायचे होते.

नव्या शाळेच्या रीतीप्रमाणे हे टिपण वर्गशिक्षिकांनी मुलाला भेटण्याच्या आदल्या दिवशी वाचले आणि त्या वर्गाला शिकवणाऱ्या इतर शिक्षकांनाही त्यातला मजकूर सांगितला. चित्रकलेच्या बाई आठवड्यातून दोनच दिवस शाळेत येत असल्याने त्यांच्यापर्यंत ते पोहोचले नाही. ही किरकोळ वाटणारी गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

वर्गशिक्षिका अनुभवी होत्या आणि मुलांबद्दल त्यांना मनापासून आस्था होती. कोणत्या मुलाने गृहपाठ स्वतः केला आहे, कोणाच्या घरी काही बिनसले आहे, कोण आजारी असल्याचे सोंग करत आहे, हे त्या चेहऱ्यावरून ओळखत आणि बहुतेक वेळा त्यांचा अंदाज खरा ठरे. या प्रकरणाचे वाचन करताना हे विसरून चालणार नाही. ज्या अनुभवाच्या बळावर त्या एरवी झटकन आणि बरोबर निर्णय घेत, त्याच अनुभवाने येथे त्यांना आडवाटेला नेले. आणि तो बहुतेकदा बरोबर ठरत असल्यामुळेच त्याच्यावर शंका घेण्याचे त्यांना कधी कारण पडले नव्हते.

अडचण जशी दिसत होती तशी

पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिकांनी मुलाला पहिल्या बाकावर बसवले. लक्ष राहावे, हा उद्देश होता. पहिल्या रांगेत रिकामी जागा मुलांच्या उजव्या हाताला, भिंतीलगत होती, म्हणून तो तेथे बसला. शिक्षकांचे टेबल आणि उरलेला सगळा वर्ग त्याच्या डाव्या बाजूला आला.

त्यानंतर तक्रारी कमी होण्याऐवजी वाढल्या. नाव घेऊन हाक मारली की तो भिंतीकडे तोंड फिरवतो, मुले हसतात आणि मग तो स्वतःही हसतो, अशी नोंद वर्गशिक्षिकांच्या वहीत पुन्हा पुन्हा आढळते. गणिताच्या सरांचे म्हणणे असे होते की तोंडी गणितात तो वाटेल ते उत्तर लिहितो, मात्र तेच गणित जवळ उभे राहून विचारले की बरोबर सांगतो. म्हणजे येत नाही असे नाही, करायचे नसते. भाषेच्या तासाला श्रुतलेखनात तो अर्धी वाक्ये गाळत असे आणि शेजारच्या मुलाच्या वहीत डोकावताना दोनदा सापडला होता. मैदानावर खेळाचे शिक्षक बोलावत तेव्हा तो भलतीकडेच पळत सुटे.

सहामाहीच्या वेळी शिक्षकांनी प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक मूल्यमापन तक्ता भरला. त्यात एकाग्रता, आज्ञाधारकपणा, सहकार्य, स्वच्छता, नेटकेपणा, कल्पकता असे रकाने होते. या मुलाला जवळजवळ सर्वच रकान्यांत खालची श्रेणी मिळाली, अगदी स्वच्छतेतही, जरी त्याच्या गणवेशाबद्दल किंवा वह्यांबद्दल एकही तक्रार कोठे नोंदलेली नव्हती. एका बाबतीतले मत इतर सगळ्या बाबींवर पसरते, हे मानसशास्त्रात फार पूर्वीच नोंदले गेले आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली सैन्यातील अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेल्या श्रेणी तपासल्या, तेव्हा शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि स्वभाव या एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या गुणांच्या श्रेणी संशय यावा इतक्या जुळत असल्याचे त्यांना आढळले. अधिकारी प्रत्येक गुण वेगळा पाहत नव्हते. माणसाविषयीचे एकच मत ते प्रत्येक रकान्यात उतरवत होते. आमच्या तक्त्यात नेमके हेच झाले होते, आणि तक्त्याला आकड्यांचे रूप असल्यामुळे ते मत मोजून काढल्यासारखे भासत होते.

वर्गशिक्षिकांनी प्रकरण माझ्याकडे सोपवले तेव्हा त्यांचा प्रश्न असा होता: या मुलाला वठणीवर कसे आणावे?

मत पक्के कसे होत गेले

या ठिकाणी थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण शिक्षकांनी मुलावर जाणूनबुजून अन्याय केला, असा निष्कर्ष काढणे सोपे असले तरी तो चुकीचा ठरेल. शिक्षकांनी काहीही रचून सांगितले नव्हते. मुलगा खरोखरच भिंतीकडे पाहत होता, श्रुतलेखनात खरोखरच वाक्ये गाळत होता. टिपणाने घटना बदलल्या नाहीत. कोणत्या घटनेचा कोणता अर्थ लावायचा आणि कोणती घटना पुरावा म्हणून लक्षात ठेवायची, हे ठरवले.

जॉन डार्ली आणि पॅजेट ग्रॉस यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. त्यांनी लोकांना एका मुलीविषयी माहिती दिली. काहींना ती सुस्थितीतल्या घरातली असल्याचे भासवले, तर काहींना गरीब वस्तीतली. एवढ्याच माहितीवर तिची शैक्षणिक पातळी ठरवायला सांगितली तेव्हा दोन्ही गटांच्या अंदाजांत फारसा फरक पडला नाही. लोक सावध होते. मात्र आणखी दोन गटांना अशीच वेगवेगळी माहिती देऊन त्यानंतर त्या मुलीच्या तोंडी परीक्षेचे एकच चित्रीकरण दाखवले गेले, ज्यात ती काही अवघड प्रश्नांची उत्तरे देते आणि काही सोपे प्रश्न चुकते. ते पाहिल्यावर अंदाज एकमेकांपासून दूर गेले. ती सुस्थितीतली असल्याचे सांगितलेल्या गटाला त्यात हुशारी दिसली, गरीब वस्तीतली असल्याचे सांगितलेल्या गटाला कच्चेपणा, आणि दोघांनाही आपण जे पाहिले त्यावरूनच हे ठरवले असे वाटत होते. पूर्वग्रह असलेला माणूस पुरावा पाहत नाही, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात तो पुरावा पाहतो आणि पाहिल्यामुळेच अधिक निश्चिंत होतो.

आमच्या वर्गातही तेच घडत होते. मुलाने जवळून विचारलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले की त्यातून 'येते, पण करत नाही' हे सिद्ध होई, आणि दुरून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर चुकले की 'लक्ष नाही' हे सिद्ध होई. यश आणि अपयश दोन्ही एकाच मताच्या पारड्यात पडत असतील, तर ते मत खोटे ठरवू शकेल अशी घटना उरतच नाही.

या मताला छेद देणारी एकच साक्ष उपलब्ध होती. चित्रकलेच्या बाईंनी सहामाहीच्या बैठकीत सांगितले की त्यांच्या तासाला हा मुलगा अतिशय लक्ष देऊन ऐकतो आणि सूचना तंतोतंत पाळतो. बैठकीत त्यावर उत्तर मिळाले की चित्रकलेत काय, सगळीच मुले रमतात. ते कोणी तुच्छतेने म्हटले नव्हते. जे स्पष्टीकरण आधीच तयार होते, त्यात ही साक्ष बसवून टाकली गेली आणि बैठक पुढच्या विद्यार्थ्याकडे वळली. चित्रकलेच्या वर्गात मुले गोल बसत, बाई सहसा या मुलाच्या उजव्या हाताशी उभ्या असत आणि खोलीत मुलेही निम्मीच असत, हे तेव्हा कोणी विचारले नाही.

समोर असलेले पर्याय

सहामाहीनंतर झालेल्या चर्चेत चार मार्ग पुढे आले.

पहिला मार्ग शिस्तीचा होता: पालकांना बोलावून लेखी हमी घ्यायची, रोजच्या वर्तनाची वही ठेवायची आणि सुधारणा न झाल्यास खेळाचा तास बंद करायचा. शिक्षकांपैकी बहुतेकांचा कल याकडे होता. दुसरा मार्ग त्याला जादा तासांच्या गटात घालण्याचा होता. तो निरुपद्रवी वाटत होता, पण त्यामुळे अडचण कशामुळे आहे या प्रश्नाला बगल दिली गेली असती. तिसरा मार्ग अवधानातील दोष तपासण्यासाठी तज्ज्ञांकडे पाठवण्याचा होता. चौथा मार्ग मी सुचवला: कोणतीही उपाययोजना करण्यापूर्वी दोन आठवडे केवळ निरीक्षण करायचे आणि तेही ठरावीक पद्धतीने.

तिसऱ्या पर्यायाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तो सर्वांत शास्त्रीय दिसत होता आणि जवळजवळ स्वीकारलाही गेला होता. अवधानाच्या तपासणीत शिक्षक आणि पालक यांनी भरून द्यायच्या प्रश्नावल्यांना मोठे स्थान असते. 'सांगितलेले ऐकत नाही असे वाटते', 'सूचना पूर्ण करत नाही' अशा स्वरूपाची विधाने त्यांत असतात आणि त्यापुढे श्रेणी द्यायची असते. ज्या शिक्षकांचे मत आधीच बनले होते, तेच शिक्षक ही प्रश्नावली भरणार होते. म्हणजे टिपणातले वाक्य वर्गशिक्षिकांच्या वहीत, तेथून मूल्यमापन तक्त्यात आणि तक्त्यातून तज्ज्ञांच्या अहवालात गेले असते. प्रत्येक पायरीवर त्याचे वजन वाढले असते, पण माहितीत नवी भर काहीच पडली नसती. चांगले तज्ज्ञ अशा वेळी श्रवण आणि दृष्टी आधी तपासून घेतात हे खरे आहे. पण तज्ज्ञांच्या दारात मूल कोणता प्रश्न घेऊन उभे आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

निरीक्षणाच्या पर्यायाला वर्गशिक्षिकांचा आक्षेप होता आणि तो रास्त होता. "आम्ही चार महिने निरीक्षणच करत आहोत," असे त्या म्हणाल्या. त्यामुळे हे निरीक्षण वेगळे कसे असेल, हे पटवून देणे मला भाग पडले.

केलेली कार्यवाही

दोन नियम ठरवण्यात आले. पहिला नियम लिहिण्याचा होता. प्रत्येक शिक्षकाला दोन उभ्या रकान्यांचा कागद दिला. डाव्या रकान्यात फक्त जे दिसले किंवा ऐकू आले ते लिहायचे, जणू खोलीतला कॅमेरा टिपत आहे असे. उजव्या रकान्यात त्याचा लावलेला अर्थ. 'दुर्लक्ष केले', 'उद्धटपणे', 'मुद्दाम' हे शब्द डाव्या रकान्यात चालणार नव्हते. दुसरा नियम व्यक्तीविषयी होता. त्या काळात शाळेत एक प्रशिक्षणार्थी शिक्षिका आल्या होत्या. त्यांना आधीच्या शाळेचे टिपण, श्रेणी किंवा शिक्षकखोलीतील चर्चा यांपैकी काहीही सांगायचे नाही आणि वर्गातील तीन मुलांचे निरीक्षण करायला द्यायचे, असे ठरले. त्या तिघांपैकी कोणाविषयी चिंता आहे, हेही त्यांना कळू द्यायचे नव्हते. मी स्वतः टिपण वाचलेले होते, म्हणून मुख्य निरीक्षण मी करणे योग्य नव्हते.

हा दुसरा नियम न्यायवैद्यक क्षेत्रातील संशोधनावरून सुचला होता. इटिएल ड्रोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पाच अनुभवी ठसेतज्ज्ञांपुढे बोटांच्या ठशांच्या अशा जोड्या ठेवल्या, ज्या त्याच तज्ज्ञांनी पूर्वी आपल्या कामात जुळत असल्याचे सांगितले होते. या वेळी मात्र हे ठसे एका गाजलेल्या चुकीच्या ओळखीच्या प्रकरणातले आहेत, असे त्यांना भासवण्यात आले. पाचांपैकी एकच जण आपल्या पूर्वीच्या निष्कर्षावर ठाम राहिला. तिघांनी ठसे जुळत नसल्याचे सांगितले आणि एकाने निर्णय देण्याइतकी माहिती नसल्याचे म्हटले. तज्ज्ञतेने त्यांचे संरक्षण झाले नाही. त्यामुळे आधी ठसा पाहायचा, निरीक्षण लिहून काढायचे आणि प्रकरणाची उर्वरित माहिती नंतर उघडायची, असा क्रम पाळण्याचा आग्रह या क्षेत्रात धरला जाऊ लागला. 'पूर्वग्रह बाजूला ठेवा' असे सांगून पूर्वग्रह बाजूला होत नाही. तो माहितीच्या क्रमाने रोखावा लागतो, असे माझे मत आहे आणि या प्रकरणाने ते अधिक दृढ झाले.

पहिल्या आठवड्याच्या अखेरीस दोन नोंदी शेजारी ठेवल्या गेल्या. त्या एकाच दिवसाच्या, एकाच तासाच्या आणि एकाच प्रसंगाच्या होत्या. वर्गशिक्षिकांनी डाव्या रकान्यात लिहिले होते: "नाव घेतले. भिंतीकडे तोंड फिरवले. मग हसला." प्रशिक्षणार्थी शिक्षिकांनी लिहिले होते: "नाव पुकारल्यावर लगेच मान उजवीकडे वळवली. भिंत दिसल्यावर मागच्या बाकाकडे पाहिले. मुले हसली. मग टेबलाकडे पाहिले, बाई दिसल्या, हसला." त्यांच्या उजव्या रकान्यात एकच ओळ होती: "आवाज कोठून आला ते शोधत असावा."

वर्गशिक्षिकांनी ही ओळ वाचली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी स्वतःच आपल्या जुन्या नोंदींची वही काढली आणि आम्ही दोघांनी ती नव्याने वाचली. मुलगा हाकेला उत्तर देत नव्हता असे नव्हते. प्रत्येक नोंदीत तो तत्काळ वळला होता, फक्त चुकीच्या दिशेला, आणि प्रत्येक वेळी उजवीकडेच. जेरोम ब्रूनर आणि लिओ पोस्टमन यांनी १९४९ साली लोकांना क्षणभर पत्ते दाखवले, ज्यांत काही पत्त्यांचे रंग मुद्दाम बदललेले होते, उदाहरणार्थ लाल इस्पिक. पुष्कळांनी ते नेहमीचेच पत्ते असल्याचे खात्रीने सांगितले. अपेक्षा डोळ्यांच्या मागे, मनात कोठे तरी असते आणि आधी सगळे नीट दिसते, मग आपण चुकीचा अर्थ लावतो, असे नेहमीच घडत नाही. पुष्कळदा अपेक्षा दिसण्यातच मिसळलेली असते. वर्गशिक्षिकांना 'शोधणारी नजर' दिसलीच नव्हती. त्यांना 'फिरवलेले तोंड' दिसले होते.

मग गणिताची वही तपासली. छापील प्रश्नपत्रिकेवरची गणिते बहुतेक बरोबर होती. चुका जवळजवळ सगळ्या तोंडी सांगितलेल्या गणितांत होत्या. साठ गुणिले तीन या प्रश्नाचे उत्तर त्याने २४ लिहिले होते आणि साठ अधिक सात याचे १५. सरांनी दोन्हींवर लाल फुली मारून 'निष्काळजीपणा' असा शेरा दिला होता. साठच्या जागी आठ ऐकू आले असे धरले, तर दोन्ही उत्तरे अचूक आहेत. 'स'सारख्या व्यंजनांचा आवाज उच्च वारंवारतेचा आणि क्षीण असतो. डोक्याच्या एका बाजूने आलेला असा आवाज दुसऱ्या बाजूच्या कानापर्यंत पोहोचताना डोक्याच्या आडोशाने आणखी मंद होतो.

त्याच आठवड्यात पालकांना बोलावले, पण हमी लिहून घेण्यासाठी नव्हे. घरी ऐकण्यात काही अडचण जाणवते का, असे विचारले असता दोघांनीही ठामपणे नाही म्हटले. मग प्रश्न बदलला: फोनवर बोलताना तो फोन कोणत्या कानाला लावतो? आई म्हणाल्या, नेहमी उजव्याच. त्यांना ती सवय वाटत होती. दोन वर्षांपूर्वी त्याला गालगुंड झाले होते, हेही त्या वेळी समजले.

श्रवणतपासणीत उजवा कान पूर्णपणे सामान्य आढळला. डाव्या कानाने ९० डेसिबलच्या आवाजालाही प्रतिसाद दिला नाही. गालगुंड हे एका कानाला अचानक येणाऱ्या बहिरेपणाचे एक परिचित कारण आहे आणि दुसरा कान चांगला असल्यामुळे तो अनेकदा बराच काळ लक्षात येत नाही. या मुलाच्या बाबतीतही तेच कारण संभवते, असे डॉक्टरांनी सांगितले. आधीच्या शाळेत झालेल्या आरोग्य तपासणीत त्याला 'श्रवण सामान्य' असा शेरा मिळाला होता, कारण तपासणी समोर उभे राहून बोलून केलेली होती, प्रत्येक कान वेगळा तपासलेला नव्हता.

अशा मुलांचे शाळेत काय होते, याविषयी फ्रेड बेस आणि ॲन मेरी थार्प यांनी १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. एका कानाने ऐकू न येणाऱ्या ज्या मुलांचा त्यांनी अभ्यास केला, त्यांपैकी सुमारे ३५ टक्के मुले किमान एका इयत्तेत मागे राहिली होती. एक चांगला कान पुरेसा असतो, ही त्या काळची वैद्यकीय समजूतही एक अपेक्षाच होती आणि तिच्यामुळेही ही मुले कोणाला दिसत नव्हती.

निष्पत्ती

मुलाला त्याच आठवड्यात वर्गाच्या डाव्या बाजूला, दुसऱ्या रांगेत बसवण्यात आले, म्हणजे वर्ग आणि शिक्षक त्याच्या उजव्या कानाकडे आले. हाक मारण्यापूर्वी शिक्षकांनी त्याच्या नजरेसमोर यावे, तोंडी गणिते फळ्यावरही लिहावीत आणि मैदानावर हाक मारताना हात उंचावावा, असे ठरले. काही काळाने शिक्षकांच्या गळ्यात अडकवायचा छोटा मायक्रोफोन आणि चांगल्या कानाशी बसणारा, तो आवाज पकडून ऐकवणारा रिसीव्हर, अशी व्यवस्थाही झाली. श्रुतलेखन आणि तोंडी गणित यांत फरक लवकर दिसला.

यापुढची गोष्ट इतकी सरळ नाही, आणि माझ्या मते तीच अधिक शिकण्यासारखी आहे.

पहिले म्हणजे, निदान सर्वांना कळले तरी सर्वांचे मत एकाच वेगाने बदलले नाही. गणिताच्या सरांनी व्यवस्था प्रामाणिकपणे पाळली, तरी पुढचे काही महिने त्यांच्या बोलण्यात 'आता त्याला निमित्त मिळाले' असा सूर येत राहिला. त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी आम्ही त्यांना त्यांच्याच वहीतली २४ आणि १५ ही उत्तरे दाखवली. त्यांनी त्या बसल्या जागी मागची सगळी तोंडी गणिते पुन्हा तपासली. तयार निष्कर्ष ऐकण्यापेक्षा स्वतः केलेल्या तपासणीचा त्यांच्यावर अधिक परिणाम झाला.

दुसरे म्हणजे, वर्गशिक्षिकांचे मत उलट दिशेला फार दूर गेले. आता मुलाची प्रत्येक चूक कानाच्या खात्यात जमा होऊ लागली. अपूर्णांकांत तो खरोखर कच्चा होता, कारण मागची दोन वर्षे त्याने अर्धेमुर्धे ऐकले होते. पण ते शिकवण्याऐवजी ती चूक माफ केली जात होती. एकदा त्याने एका मुलाची वही लपवली, तेव्हा 'त्याला नीट ऐकू आले नसेल' असे कारण पुढे आले. पहिल्या शेऱ्याची जागा दुसऱ्या शेऱ्याने घेतली होती. तो कितीतरी अधिक मायेचा होता, पण तोही प्रत्यक्ष मुलाच्या आधी डोळ्यांपुढे येत होता. म्हणून दोन रकान्यांचे कागद निदानानंतरही चालू ठेवावे लागले.

तिसरी गोष्ट मुलाच्या स्वतःच्या अपेक्षांची होती. आपल्याला हाक मारली म्हणजे ओरडा बसणार, हे त्याला दोन वर्षांच्या अनुभवाने शिकवले होते. त्यामुळे साध्या प्रश्नातही त्याला रागाचा सूर ऐकू येई आणि तो काही न विचारता मान डोलावून मोकळा होई. समजले नाही तर पुन्हा विचार, असे सांगून हे बदलले नाही. 'समजले का?' असे न विचारता 'आता काय करायचे आहे ते मला सांग' असे म्हणण्याची सवय शिक्षकांनी लावून घेतली, तेव्हा मान डोलावणे हळूहळू कमी झाले. वर्षाच्या अखेरीसही ते पूर्ण थांबलेले नव्हते.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

पहिला टप्पा टिपण वाचण्याचा होता. शिक्षकांच्या अपेक्षांचा मुलांच्या प्रगतीवर परिणाम होतो, या रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ साली केलेल्या मांडणीवर पुढे बरीच टीका झाली आणि तिचे निष्कर्ष सर्वत्र सारखे लागू पडत नाहीत, हे स्पष्ट झाले. त्या वादात स्टीफन रॉडेनबुश यांनी १९८४ साली अठरा प्रयोगांचे एकत्र विश्लेषण केले. शिक्षकांना मुलांविषयी खोटी अपेक्षा देण्यापूर्वी ते मुलांना दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ ओळखत असतील, तर त्या अपेक्षेचा परिणाम जवळजवळ दिसत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे टिपण वाचू नये असे नव्हे. आरोग्याविषयीची अत्यावश्यक माहिती वगळता उरलेले टिपण तिसऱ्या आठवड्यात उघडावे, एवढा बदल पुरेसा होता. शाळेने आता तसा नियम केला आहे.

दुसरा टप्पा बाक बदलण्याचा होता. हा उपाय म्हणून केला गेला, चाचणी म्हणून नाही. बाक बदलताना 'यामुळे दोन आठवड्यांत अमुक दिसायला हवे; न दिसल्यास आपला अंदाज तपासावा लागेल' असे आधी लिहून ठेवले असते, तर वाढलेल्या तक्रारींकडे मुलाच्या हट्टीपणाचा पुरावा म्हणून पाहता आले नसते; त्या अंदाजाच्या विरुद्ध गेल्या असत्या.

तिसरा टप्पा चित्रकलेच्या बाईंच्या साक्षीचा होता आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाकी सर्वांचे एकमत होते, पण ते सर्व एकाच टिपणाचे वाचक होते. त्यामुळे त्यांच्या पाच मतांचे वजन एका मताइतकेच होते. ज्यांनी टिपण वाचले नव्हते त्यांचे मत स्वतंत्र होते. बैठकीत वेगळे मत आल्यावर ते कसे खोडता येईल यापेक्षा, ते खरे असेल तर तेथे कोणती परिस्थिती वेगळी आहे, हा प्रश्न विचारला गेला असता, तर गोल बसलेली मुले आणि उजवीकडे उभ्या असलेल्या बाई तेव्हाच चर्चेत आल्या असत्या. आता बैठकीत इतरांपेक्षा वेगळे मत असलेल्या शिक्षकाला प्रथम बोलायला सांगितले जाते.

चौथा टप्पा वर्षाच्या शेवटी आला. मुलगा पुढच्या इयत्तेत जाताना त्याच्याविषयी टिपण लिहायचे होते. वर्गशिक्षिकांनी केलेल्या पहिल्या मसुद्यात तो अत्यंत कष्टाळू आणि गुणी असल्याचे लिहिले होते. ते काही प्रमाणात खरेही होते, पण पुढच्या शिक्षकांना पुन्हा एकदा पाहण्याआधीच मत देणारे होते. चर्चेनंतर टिपणात तीनच गोष्टी ठेवल्या: डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून त्याला वर्गाच्या डाव्या बाजूला बसवावे, तोंडी सूचना फळ्यावरही लिहाव्यात, अपूर्णांकांचा पाया पुन्हा घ्यावा. स्वभावाविषयीचे वाक्य वर्गशिक्षिकांनी स्वतः काढून टाकले. श्रवणतपासणीच्या अहवालाची एक प्रत, पालकांच्या संमतीने आणि कोणताही दोष न देता, त्यांनी आधीच्या शाळेलाही पाठवली.